मी पाणी प्यायला शिकले

मित्रांनो, मी जुनी गाडी आहे, भंगार नाही. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण गेल्याच आठवड्यात एक भंगारवाला माझ्याभोवती दोन चकरा मारून गेला आणि जाताना त्यानं माझ्या दारावर बोटानं टकटक करून पाहिलं. मला फार राग आला. माझा पत्रा अजून शाबूत आहे आणि चारही चाकं जागेवर आहेत.

माझा जन्म १९६९ सालचा, जर्मनीतला. मी राहण्याची गाडी आहे. म्हणजे माझ्या पोटात पलंग आहे, खिडक्यांना पडदे आहेत, हात धुवायला चिमुकली मोरी आहे. इंजिन मात्र पुढे नाही, मागे आहे, पलंगाच्या बरोबर खाली. आमच्या घराण्याची एक गोष्ट मी फार मिरवत असे. आमचं इंजिन पाणी पीत नसे. इतर गाड्यांची इंजिनं तापली की त्यांना पाणी लागतं. आमच्या इंजिनाला पंखा वारा घाली आणि ते वाऱ्यावरच गार राही. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असा सगळा रस्ता मी पाण्याचा थेंब न पिता आले आणि वाटेत वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्यांकडे नाक वर करून बघत आले. त्या नाकाची पुढे काय गत झाली, ते सांगणारच आहे.

मला इकडे आणलं एका जर्मन साहेबांनी. ते ज्वारीचा अभ्यास करायला परभणीला आले होते. त्यांच्या ज्वारीचे चार तुकडे पोखर्णीपासून आत तीन कोसांवरच्या एका खेड्यात, माणिकरावांच्या शेतात होते. ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की साहेब मला माणिकरावांच्या अंगणात उभी करून माझ्यातच मुक्काम करत. माणिकरावांची बायको सरजाबाई त्यांना भाकरी आणि ठेचा पाठवी. पहिल्या दिवशी तो ठेचा खाऊन साहेबांनी माझ्या मोरीच्या टाकीतलं सगळं पाणी संपवलं होतं.

सरजाबाई हळदीची गाणी म्हणण्यात पटाईत होती. तिच्या गाण्याशिवाय लावलेली हळद अंगाला बसतच नाही, असं आसपासच्या गावांतल्या बाया म्हणत. पण १९८२ साली माळवदावर मिरच्या वाळत घालून उतरताना ती शिडीवरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तिला बसता येईना. निजता येई, कुशीवर वळता येई आणि बोलता तर भरपूर येई. तीन वर्षं ती घरात पडून माळवदाची लाकडं बघत होती. लग्नाची बोलावणी यायची. पाहुणे तिच्या उशाशी बसून सांगायचे, तुम्ही कशाला हाल करून घेता, आम्ही आल्यावर सगळं सांगू की. ती हसून हो म्हणायची. ते गेले की मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी अंगणातून हे सगळं बघत असे.

१९८५च्या फाल्गुनात जिंतूरहून तिची भाची रुख्मिणी आली. सरजाबाईचा भाऊ व्यंकटराव जिंतूरला जिनिंगमध्ये कारकून होता, त्याची ही मुलगी. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. रुख्मिणी मोठी हट्टी.

"आत्या, तू आल्याबिगर मी हळद लावून घ्यायची न्हाई," ती म्हणाली. "तशीच बसन मांडवात, कोरडी."

"येडी हाईस का काय? यष्टीत बसता येत न्हाई मला. खाट घिऊन उडत येऊ का?"

"मला म्हाईत न्हाई. तू ये."

रुख्मिणी गेली आणि सरजाबाई दोन दिवस जेवली नाही. साहेबांना मराठी बेताचंच येई, पण घरात काय चाललंय हे त्यांना समजलं. त्यांचं काम संपलं होतं, आठवड्याभरात ते मायदेशी परतणार होते. निघायच्या दिवशी त्यांनी माझं मागचं दार उघडलं, आधी माझ्या पलंगाकडे बोट केलं, मग घरातल्या खाटेकडे. माझी किल्ली त्यांनी माणिकरावांच्या हातात ठेवली. माणिकराव गहिवरले. इतका मोठा माणूस, पण उपरण्यानं डोळे पुसत बसला.

आता ऐका, गंमत पुढेच आहे. न्यायला आलेल्या जीपमध्ये बसण्याआधी साहेबांनी माझ्या इंजिनावर हात ठेवला आणि दोनदा बजावलं, "नो वॉटर, माणिकराव. ओन्ली एअर." म्हणजे हिला पाणी नको, हिला वारा पुरतो. माणिकरावांना इंग्रजी चार शब्दांपुरतं येई, त्यात हे दोन्ही शब्द होते. त्यांनी मान डोलावली. जीप वळणाआड गेल्यावर ते सरजाबाईला म्हणाले, "ऐकलं का? साहेब सांगून गेले. हिच्यात पाणीच न्हाई म्हने, नुसती हवा हाय! बिचारी इतक्या लांबून आलेली, आन कुनी पाणी दाखवलं न्हाई तिला."

आणि ते कळशी घेऊन आले. पाणी कुठे घालायचं, हे त्यांनी बराच वेळ शोधलं. अखेर त्यांना तेलाचं झाकण सापडलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्यांनी थेट तेलात पाणी ओतलं, उतू जाईपर्यंत ओतलं, आणि ओतताना माझी पाठ थोपटत होते. इतक्या मायेनं मला कुणी मारलं नव्हतं. किल्ली फिरवली, इंजिन घटकाभर खोकलं, कडकडलं आणि जाम झालं.

परभणीहून एक मिस्त्री आला. त्यानं इंजिन उघडलं, आतली दुधासारखी झालेली तेलाची खळ बघितली आणि सांगितलं की याचा एकही भाग इकडे मिळायचा नाही, गाडीत कोंबड्या पाळा. सरजाबाई आधी हसली. "पाणी पाजून गाडी मारली व्हय तुमी," असं म्हणून खूप हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला तेव्हा फार वाईट वाटलं. आठ दिवस खरोखरच कोंबड्या माझ्यात शिरत होत्या. मी जर्मनीची, आणि माझ्या पलंगावर एक कोंबडी अंडं घालून गेली.

नवव्या दिवशी माणिकराव फाट्यावर गेले आणि नागनाथला घेऊन आले. नागनाथ विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करी. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव जे पेटलं, त्यात त्याचं घर गेलं आणि गाव सुटलं. तेव्हापासून तो फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये राही. इंजिनं सगळ्यांचीच बिघडत, त्यामुळे बोलावणी सगळ्यांकडून येत. पण बऱ्याच घरांत त्याच्यासाठी चहाचा कप वेगळा असे. म्हणून नागनाथ कुणाकडेच चहा घेत नसे. "आत्ताच घेतला," असं म्हणून मोकळा होई.

माझ्याभोवती फिरून तो म्हणाला, "गाडीतलं मला कायबी कळत न्हाई. इंजन म्हनाल तर कळतंय. हे मेलंय. दुसरं बसवावं लागन, पाण्याचं."

"बसतंय का?" माणिकरावांनी विचारलं.

"बसवल्याबिगर कसं सांगू?"

घरातून सरजाबाईचा आवाज आला, "त्याला चहा द्या आधी."

"नको मावशी, आत्ताच घेतला."

"कुठं घेतलास रे? फाट्यावरचं हाटेल तर होळीपासून बंद हाय."

नागनाथ पकडला गेला. सरजाबाईनं आपल्या उशाजवळचा स्वतःचा कप विसळायला लावला आणि त्यातून त्याला चहा पाठवला. तो त्यानं माझ्या पायरीवर बसून प्यायला. त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला.

परभणीत एक जुनी टॅक्सी मोडीत निघाली होती. तिचं इंजिन आणि रेडिएटर बैलगाडीतून आलं. माझा गिअरबॉक्स आणि ते इंजिन एकमेकांना ओळख देईनात, तेव्हा नागनाथनं लेथवाल्याकडून मध्ये बसणारी जाड पोलादी थाळी कातून आणली. दुसरी अडचण उंचीची. माझं आधीचं इंजिन बुटकं आणि पसरट होतं, हे उंच. पलंगाखाली मावेना. नागनाथनं खालचा पत्रा कापून पलंगच वीतभर वर उचलला. मला ते अजिबात आवडलं नव्हतं. मग एक दिवस सरजाबाईला पलंगावर निजवून पाहिलं आणि ती एकदम म्हणाली, "आगं बया, बाहेरचं दिसायलंय!" पलंग वर गेल्यामुळे निजल्या निजल्या तिचे डोळे खिडकीच्या बरोबर आले होते. तीन वर्षांनी तिला बांध दिसला, बाभळी दिसल्या, शेजारची भांडकुदळ सुलाबाईसुद्धा दिसली आणि तिलाही सरजाबाईनं आनंदानं हाक मारली.

राहिला प्रश्न पाण्याचा. मागच्या बाजूला वारा पोचत नाही, मग रेडिएटर ठेवायचा कुठे? नागनाथला विहिरीची रीत माहीत होती. विहिरीवरच्या इंजिनात पाणी गार शिरतं, गरम होऊन बाहेर पडतं आणि पाटानं वाहून जातं. ते परत कुणी आणत नाही, कारण विहीर खालीच असते. नागनाथनं तेच केलं. माझ्या टपावर पाण्याचं पिंप बसवलं, एक नळी इंजिनात सोडली आणि दुसरी माझ्या शेपटीखालून बाहेर काढली.

एक फेरी मारून बघायला आम्ही निघालो. इंजिन काय सुरेख चालत होतं! पण मागे रस्त्यावर गरम पाण्याची धार लागली होती. शेळ्या धावत आल्या. शाळा सुटली होती, त्यामुळे पोरांचा घोळका मागे लागला आणि सगळी ओरडू लागली, "गाडी मुतायली रे, गाडी मुतायली!" माझ्या इतक्या वर्षांच्या प्रवासात असा अपमान कुठल्याही देशात झाला नव्हता. फाट्यापर्यंत पिंप रिकामं झालं.

"जिंतूरला जायाला असली किती पिपं लागतील?" माणिकरावांनी विचारलं.

"पिपानं काय व्हतंय? अख्खी इहीर संगं न्यावी लागन," नागनाथ म्हणाला, आणि दोघं रस्त्यातच पोट धरून हसले.

लग्न मात्र पंधरा दिवसांवर आलं होतं. संध्याकाळी नागनाथनं सगळी हकीकत सरजाबाईला सांगितली. ती विचार करून म्हणाली, "गरम चहा आपन बशीत वतून फुंकतो, तसं ते पाणी गार करून परत घाल की."

"तेच काम रेडिएटर करतंय मावशी. पर त्याला वारा लागतो. मागं वारा न्हाई."

"मग तोंडाशी ठेव. वारा तोंडालाच लागतो ना?"

"इंजन मागं, अन् रेडिएटर पुढं?"

"मंग काय झालं? पाइप लांब घाल. इहिरीतून वरच्या वावरात पाणी नेतोस, तवा लांब घालत न्हाईस का?"

नागनाथनं तिथेच काडीनं जमिनीवर पाइप आखून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या नाकाला चौकोनी भोक पाडलं. हो मित्रांनो, त्याच नाकाला! तिथे रेडिएटर आला, आणि माझ्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांब पाइप गेले. आधी मी पाच मिनिटांत वाफा सोडू लागले. माणिकरावांचा चेहरा पडला, पण नागनाथ हसला. "काय न्हाई, हवा धरलीय. पंप धरतोय तशी." त्यानं मला कॅनॉलच्या बांधावर नाक वर करून उभं केलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि तांब्या तांब्यानं पाणी घालत राहिला. पाइपांतली हवा वर चढत आली आणि मी सगळ्यांदेखत मोठ्ठा ढेकर दिला. त्यानंतर काटा एकदाही तांबड्यात गेला नाही. मी पाणी प्यायला शिकले होते.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. नागनाथ गाडी चालवत होता, शेजारी माणिकराव, आणि पलंगावर नवं लुगडं नेसलेली सरजाबाई. दिवस मावळायच्या आत जिंतूर गाठायचं होतं. पोखर्णीला तिनं निजूनच नृसिंहाला हात जोडले. परभणीच्या गर्दीत तर तिला काय बघू आणि काय नको असं झालं. "आवो, किती रिक्षा झाल्या! आन ह्या बाईच्या फटफटीवर कोन बसलंय?" तिचं बोलणं संपेना. माझं इंजिनही तिच्यापुढे हळू वाटत होतं.

परभणी मागे पडली आणि जिंतूरच्या रस्त्यावर खड्ड्यात एक दणका बसला. पाइपाची पट्टी सैल झाली. नागनाथनं उतरून ती आवळली, पण तोवर बरंच पाणी सांडलं होतं आणि बरोबर आणलेला डबाही संपला. काटा चढू लागला. ऊन मी म्हणत होतं.

"नागनाथ, इहीर गेली," खिडकीतून बघत सरजाबाई म्हणाली.

"व्हय मावशी."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दुसरीबी गेली. थांबत का न्हाईस? इंजन जळंल."

नागनाथ हळूच म्हणाला, "अनोळखी गावं हायेत, मावशी. इहिरीवर गेलं की आधी नाव इचारतेत, मंग गाव, मंग आडनाव."

माणिकराव खाली मान घालून बसले. पाणी शेंदायला आपण उतरावं हे इतका वेळ त्यांच्या मनात आलं नव्हतं, याची त्यांना लाज वाटत असावी. मला तर माझ्या तहानेचीच लाज वाटली.

"म्होरल्या इहिरीवर थांबव," सरजाबाई म्हणाली.

पुढच्या विहिरीवर पाच-सहा बाया पाणी भरत होत्या. सरजाबाईनं खिडकीतून तोंड काढलं आणि हळदीच्या गाण्याला लावते तो आवाज लावला. "आगं बायांनो, भाचीच्या हळदीला चाललेय, आन गाडी तान्हेलीय माझी! ह्याला पाणी शेंदू द्या!"

"कोन म्हनायचं ह्यो?" एका बाईनं विचारलंच.

"मला मावशी म्हनतो. मंग कोन आसंल, तूच सांग!"

बाया हसल्या. निजून हळदीला निघालेली बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. एकीनं दोर पुढे केला. नागनाथनं स्वतःच्या हातानं बादली सोडली. माणिकराव लगबगीनं उतरले, त्याच्या हातून भरली बादली घेतली, माझ्या नाकात ओतली आणि दुसरीसाठी पुन्हा त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. शेवटच्या बादलीतलं पाणी त्यांनी आधी नागनाथच्या ओंजळीत घातलं, मग स्वतः प्यायले.

जिंतूरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मांडवात रुख्मिणी खरोखरच कोरडी बसली होती. बाया समजावून थकल्या होत्या, व्यंकटराव कपाळाला हात लावून उभे होते, आणि हळदीची वाटी सुकत चालली होती. मी गल्लीत शिरले आणि एकच गलका झाला. पण सरजाबाईला उचलून आत न्यायचं तर खुब्याला धक्का बसणार. व्यंकटरावांच्या घरातले वडीलधारे आबासाहेब काठी आपटून म्हणाले, "मुहूर्तमेढ सोडा, बाकी दोन मेढी उपटा. गाडीच येऊ द्या मांडवात!"

मेढी उपटल्या गेल्या आणि मी मांडवात शिरले. मित्रांनो, इतके देश पालथे घातलेली मी, पण कुणी माझ्यासाठी मांडव मोकळा केला नव्हता. रुख्मिणी धावत आली, माझं दार ओढून पलंगावर चढली आणि आत्याच्या कुशीत शिरली. दोघी किती रडल्या आणि किती हसल्या ते मला सांगता येणार नाही. मग सरजाबाईनं निजल्या निजल्या भाचीच्या गालाला हळद लावली आणि तीन वर्षांनी गळा मोकळा केला. गाणं तिनं तिथेच जुळवलं:

रुखमिणीच्या हळदीला, आत्या आली ग निजून,
पाणी पितं हिचं इंजन, रस्ता गेला ग भिजून!

बाया हसून लोटपोट झाल्या. उरलेली हळद त्यांनी माझ्या नाकाला फासली आणि नागनाथच्याही तोंडाला फासली. तो पळायला लागला तर माणिकरावांनीच त्याला धरून ठेवलं.

त्यानंतर मी चालू असेपर्यंत सरजाबाईचं एकही लग्न चुकलं नाही. आठ-नऊ वर्षांत मी तिला इतक्या मांडवांत नेलं की आता माझ्या दाराच्या कडांमधली हळद धुऊनही जात नाही. मधली दोन वर्षं मी बंद होते, तेव्हा माझ्यावर धूळ बसली आणि लोक भंगाराची भाषा बोलू लागले. नागनाथनं मला पुन्हा उघडून नीट केलं. यंदा, म्हणजे १९९४च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा त्यानं फाट्यावर पेढे वाटले. सरजाबाईनं तिच्या वाट्याचा पेढा अर्धा मोडून त्याच्याच तोंडात घातला.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना जपा. तेलाचं झाकण कोणतं आणि पाण्याचं कोणतं, हे नीट विचारून घ्या. एखादी वस्तू जशी होती तशी चालत नसेल, तर वेगळ्या रीतीनं चालते का ते बघा, लगेच मोडीत काढू नका. पण मला खरं सांगायचं आहे ते निराळंच. तुमच्याही घरात कुणीतरी अंथरुणावर पडून असेल. परतल्यावर सगळं सांगू, असं म्हणून त्यांना मागे ठेवून जाऊ नका. आजच त्यांच्या उशाशी जा आणि कुठे जायचंय ते विचारा. गाडीचं काय, ते नंतर बघता येतं.